रिकाम्या घरांचा धडा

अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली ‘एनसीईआरटी’च्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा पाठ गेला. अकरावीत तो आहेच, हे उत्तर पुरेसे नाही. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्यांचे काय?

या पाठात केवळ तक्ता नव्हता. लंडनमध्ये १८६६ साली जॉन न्यूलँड्स यांनी मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. सप्तकानंतर पुन्हा ‘सा’ यावा, तसे दर आठव्या मूलद्रव्याचे गुणधर्म पहिल्याशी जुळतात, असे ते म्हणाले. केमिकल सोसायटीत त्यांची थट्टा झाली. ती अन्यायाची होती. पण मांडणीतही खोट होती. क्रम साधण्यासाठी त्यांनी कोबाल्ट व निकेल एकाच घरात कोंबले. रिकामे घर मात्र एकही ठेवले नाही.

रशियात दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये वेगळी वाट धरली. गुणधर्म जुळेनात तिथे जागा मोकळी सोडली आणि पुढे अॅल्युमिनिअमखालच्या रिकाम्या घरातील मूलद्रव्याची घनता सुमारे ५.९ असेल, असे भाकीतही केले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडले. शोधकाने घनता ४.७ मोजली. पुन्हा मोजा, असे मेंडेलीव्ह यांनी कळवले. शुद्ध नमुन्याची घनता ५.९ भरली!

ठाऊक नाही ते मान्य करायचे आणि अंदाज तपासता येईल असा मांडायचा, ही विज्ञानाची रीत. खात्रीने खोटे सांगणाऱ्यांच्या काळात ती प्रत्येक नागरिकाला हवी. तिला भार समजणे महागात पडेल.