अळीच्या इतिहासाला माणसाची नावे

आजच्या धाग्यात राजे नाहीत, प्रथिने आहेत. प्रश्न मात्र आपल्या ओळखीचा आहे : नंतर पडलेल्या नावाने आधीचा काळ वाचावा का?

१९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी सुमारे ५०० किलो रेशीमकिड्यांच्या कोशांतून अवघे २५ मिलिग्रॅम एक्डायसोन मिळवले. हे कीटकांना कात टाकायला लावणारे संप्रेरक. १९६० मध्ये क्लेवर व कार्लसन यांनी ते कायरोनोमस या चिलटासारख्या कीटकाच्या अळीला टोचले, तेव्हा तिच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रांवर ठराविक जागी फुगवटे उठले. स्टेरॉइड संप्रेरक जनुकांना जागे करते, या विचाराला असा डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाला. तरीही ही कथा बहुधा १९८५ पासून, मानवी ग्राही प्रथिनांपासून सांगितली जाते. माझा आक्षेप इथेच आहे.

त्याच वर्षी केंब्रिजमध्ये क्लुग व सहकाऱ्यांनी बेडकाच्या एका प्रथिनात जस्ताचा अणू धरून ठेवणारी ‘बोटे’ ओळखली. केंद्रकीय ग्राहींची ठेवण निराळी आहे : जस्ताचे दोन अणू, प्रत्येकाला चार सिस्टीनांची पकड, आणि डीएनएच्या खाचेत बसून अक्षरे वाचणारे एक वेटोळे. ‘झिंक फिंगर’ हे नाव मात्र दोन्हींना चिकटले.

आता फळमाशीचे क्निर्प्स पाहा. जर्मनमध्ये अर्थ ‘बुटका’. भ्रूणाच्या पोटाचे खंड पाडण्यास हे जनुक लागते. १९८८ मध्ये त्याची अक्षररचना उलगडली, तेव्हा डीएनए धरणारा भाग याच कुळातला निघाला. संप्रेरक धरणारा भागच नव्हता. काहीही ग्रहण न करणारा ग्राही! समुद्री गोगलगाय अप्लिसियाचा ‘इस्ट्रोजेन ग्राही’ इस्ट्रोजेनला दाद देत नाही, हे २००३ मध्ये कळले.

वंशावळीने ही प्रथिने या कुळातलीच, हे मला मान्य आहे. पण कुळाची खूण डीएनए वाचणाऱ्या बोटांत शोधली असती, तर अपृष्ठवंशीय प्राणी ‘अपवाद’ ठरले नसते. सी. एलिगन्स या इवल्या कृमीत असे २७० हून अधिक ग्राही आहेत, माणसात ४८. अपवाद नेमका कोण?

१९९९ मध्ये नामकरण समितीने क्रमांक दिले. अर्धा भाग नसलेल्यांसाठी वेगळा गट केला आणि क्निर्प्सला त्यात बसवले. गटाचा क्रमांक : शून्य.