चाळीस खाटा, एक राउटर

बंगळुरूच्या बीटीएम लेआउटमध्ये, मारतहळ्ळीत किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या गल्ल्यांत रात्री नऊच्या सुमारास पीजीच्या, म्हणजे पेइंग गेस्ट निवासांच्या, मजल्यामजल्यावर एकच तक्रार असते. वायफायची खूण पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, बेळगावहून नोकरीसाठी आलेली हजारो मराठी मुलंमुली या शहरात अशा पीजींमध्ये राहतात आणि त्यांच्या महिन्याच्या भाड्यातच नेटचे पैसे धरलेले असतात. तक्रार केली की मालक केबलवाल्याला फोन लावतो. केबलवाला राउटर बंद करून चालू करायला सांगतो. थोडा वेळ बरं चालतं आणि पुन्हा तेच. शेवटी एक दिवस तो स्वतः येतो आणि राउटरमध्ये एक नियम घालून जातो: एका उपकरणाला एका वेळी इतक्याच जोडण्या. शंभर, दीडशे, त्याला त्या क्षणी सुचेल तो आकडा. त्यानंतर बहुतेकांचं नेट सुधारतं आणि दोघातिघांचं काम मात्र अडून बसतं.

हा नियम असावा की नसावा, यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे भेटतात. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, पण सारख्या प्रमाणात नाही.

आधी राउटरच्या आत काय घडतं ते पाहू. आपण एखादं बातम्यांचं पान उघडतो तेव्हा फोन एकाच ठिकाणी जात नाही. मजकूर एका सर्व्हरवरून येतो, चित्रं दुसऱ्यावरून, जाहिराती आणखी दहा ठिकाणांहून. त्यातल्या प्रत्येक जोडणीची राउटरला आपल्या स्मृतीतल्या तक्त्यात एक नोंद ठेवावी लागते, कारण बाहेरच्या जगाला पीजीतले सगळे फोन एकाच आयपी पत्त्यामागे दिसतात. आलेलं उत्तर कोणत्या खोलीतल्या कोणत्या फोनचं, हे त्या नोंदीवरूनच ठरतं. तक्त्याला मर्यादा असते. समजा, तक्ता १६,३८४ नोंदींचा आहे आणि पीजीत ४० खाटा आहेत. माणशी ४०९ नोंदी येतात. फोन आणि लॅपटॉप वेगळे धरले तर उपकरणामागे दोनशेच्या आसपास. साध्या वापराला एवढ्या पुरतात. पण क्यूबिटटॉरेंटसारखा टॉरेंट प्रोग्राम कोणतंही सेटिंग न बदलता एकाच वेळी ५०० जोडण्यांपर्यंत जाऊ शकतो आणि इतर संगणकांचा शोध घेताना त्याशिवाय कितीतरी नोंदी निर्माण करतो. असे चारपाच लॅपटॉप रात्रभर चालू राहिले की तक्ता भरत जातो.

तक्ता भरला की काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. आधीपासून चालू असलेल्या जोडण्या तुटत नाहीत. त्यामुळे जो आठ वाजल्यापासून व्हिडिओ कॉलवर आहे त्याचा कॉल सुरळीत चालतो आणि ज्याने टॉरेंट लावला आहे त्याचा टॉरेंटही. नव्या जोडणीला मात्र जागा नसते. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याचं पहिलं पाऊलसुद्धा नवीच नोंद मागतं, म्हणून पान उघडायला सुरुवातच होत नाही. नंतर आलेल्याला काहीच मिळत नाही आणि आधी येऊन जागा धरलेल्याचं काही जात नाही. घरी फोन लावू पाहणारी मुलगी आणि रात्रीच्या पाळीसाठी लॉगइन करणारा मुलगा दोघेही दाराबाहेर. लाइन ३०० एमबीपीएसची असली तरी यात फरक पडत नाही, कारण अडचण वेगाची नसून नोंदींची आहे. मालकाने जास्त पैशांचा प्लॅन घेतला आणि राउटर तोच ठेवला, तर ते पैसे वाया गेले.

म्हणून मर्यादेच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. सामायिक वस्तूवर एकाने ताबा मिळवू नये, एवढंच तो मागतो. टॉरेंट लावणाऱ्याला आपण शेजाऱ्याचं नेट बंद पाडतोय याची अनेकदा कल्पनाही नसते, आणि विषाणू शिरलेला एखादा लॅपटॉप तर वापरणाऱ्याच्या नकळत हजारो जोडण्या उघडत राहतो. अशा वेळी मर्यादा नसेल तर एकाचं बिघडलेलं यंत्र चाळीस जणांना भोवतं.

विरोधी बाजूचं म्हणणंही मला विचार करायला लावतं. जोडण्यांची संख्या हे वापराचं मापच नव्हे. जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळाशी ब्राउझर एका वेळी सहा जोडण्या उघडतो. २०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी/२ या नव्या पद्धतीत तेच काम एका जोडणीत होतं. उच्च दर्जाचा चित्रपट तासनतास पाहणारा दोनचार जोडण्यांत लाइनचा मोठा हिस्सा वापरू शकतो. कंपनीच्या व्हीपीएनवर काम करणाऱ्याची तर सगळी वाहतूक एकाच बोगद्यातून जाते, राउटरच्या हिशेबी ती एकच जोडणी. आणि नवशिकी प्रोग्रामर, जिला तिच्या प्रकल्पासाठी शेकडो लहान पॅकेजेस उतरवून घ्यायची आहेत, ती मात्र शंभराच्या नियमाला अडू शकते. भार कमी टाकणाऱ्याला शिक्षा आणि जास्त टाकणाऱ्याला मोकळीक, असा उलटा न्याय हा नियम करू शकतो.

याच शहराने २०२४ च्या मार्चमध्ये पाणीटंचाईत काय केलं ते आठवा. बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने हॉटेलं, कार्यालयं आणि अपार्टमेंटच्या नळांना एरेटर बसवण्याची सक्ती केली. एरेटर नळातून येणारी धार कमी करतो. नळ दिवसात किती वेळा उघडला, हे तो मोजत नाही. जोडण्यांवरची मर्यादा नळ उघडण्याच्या खेपा मोजते, धार नाही.

धार वाटून देणारी साधनं नेटच्या जगातही आहेत. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांच्या विचारातून कोडेल ही पद्धत आली आणि तिच्यावर बेतलेली एफक्यू-कोडेल २०१२ पासून लिनक्समध्ये, म्हणजे अनेक राउटर ज्यावर चालतात त्या प्रणालीत, आहे. डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केक नावाची पद्धत घडवली, ती २०१८ मध्ये लिनक्समध्ये दाखल झाली. केक आधी उपकरणांमध्ये समान वाटणी करू शकते आणि मग एकेका उपकरणाच्या जोडण्यांमध्ये. एकाने पाचशे जोडण्या उघडल्या तरी त्याला एकाचाच वाटा मिळतो. तत्त्व म्हणून हे मला आकडा बांधण्यापेक्षा कितीतरी न्याय्य वाटतं. पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे मांडल्या पाहिजेत. केकला प्रोसेसरची ताकद लागते आणि स्वस्त राउटर ३०० एमबीपीएसवर हे काम करताना स्वतःच दमतो. शिवाय ती धार वाटते, तक्ता नाही. तक्ता भरण्याचा प्रश्न तिथेच उरतो. पंधराशे-दोन हजारांच्या डब्यावर चाळीस माणसं लादायची आणि वर सर्वोत्तम न्यायाची अपेक्षा ठेवायची, हे जमणारं नाही.

मर्यादा घालण्याआधी करण्यासारखी एक गोष्ट मात्र जवळजवळ फुकट आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. लिनक्समध्ये मूळ सेटिंगनुसार चालू टीसीपी जोडणीची नोंद, तिच्यावर काही हालचाल नसली तरी, पाच दिवस राखली जाते. मुलगा सकाळी फोन खिशात टाकून ऑफिसला गेला, वायफायच्या टप्प्याबाहेर पडला, जोडण्या नीट बंद झाल्याच नाहीत, तर त्या मेलेल्या नोंदी पुढचे पाच दिवस जागा अडवून बसू शकतात. चाळीस माणसांचं रोजचं येणंजाणं धरलं तर तक्त्याचा केवढा भाग असा निकामी होत असेल! इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २००८ मध्येच अशा निष्क्रिय नोंदीसाठी किमान २ तास ४ मिनिटांची मुदत सांगितली आणि ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली तीच मुदत पाळते. माणसांवर मर्यादा घालण्यापूर्वी आपल्या राउटरवर ही मुदत किती आहे, ते केबलवाल्याने पाहायला हवं.

प्रश्न पीजीच्या दारात संपत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात केव्हाच संपले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचं मंडळ आपल्या शेवटच्या गटावर आलं. तेव्हापासून अनेक सेवादार कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं ठेवतात. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट, म्हणजे जोडण्या वेगळ्या ओळखण्याचे क्रमांक, असतात. पहिले १,०२४ राखीव धरून उरलेले ६४ ग्राहकांत सारखे वाटले तर प्रत्येकाला १,००८ येतात. चाळीस खाटांची पीजी जर घरगुती प्लॅनवर चालत असेल, तर तिच्याही वाट्याला तेवढेच. माणशी २५. तिथे पीजीतला राउटर कितीही चांगला असला तरी भिंत बाहेर उभी आहे.

कंपन्यांचं म्हणणं इथेही टाकाऊ नाही. आयईटीएफच्या २०१३ च्या शिफारशींनुसार अशा यंत्रणेत ग्राहकामागे पोर्टची मर्यादा घालण्याची सोय असलीच पाहिजे, म्हणजे एकामुळे बाकीचे उपाशी राहणार नाहीत. दुसरं कारण नोंदवह्यांचं आहे. सायबर गुन्ह्याचा माग काढताना पत्ता, पोर्ट आणि वेळ यांवरून ग्राहक शोधावा लागतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक केलं आहे. प्रत्येक ग्राहकाला ठरावीक पोर्टचा गट दिला की नोंदींचा ढीग खूप कमी होतो. पण यावरचा खरा उपाय आयपीव्ही६ आहे. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि पोर्टच्या वाटणीची गरजच उरत नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर भारतातल्या मोबाइल फोनवर आयपीव्ही६ झपाट्याने पसरलं. ज्या इमारतीत फोनच्या डेटावर ते चालतं, तिथल्या वायफायवर ते बंद ठेवण्याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

आता पारदर्शकतेचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट ही कंपनी ग्राहकांच्या बिटटॉरेंट जोडण्या खोटे संदेश पाठवून गुपचूप तोडत असल्याचं उघड झालं. ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या नियामकाने कंपनीला दोषी ठरवलं. हा आदेश पुढे २०१० मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द केला, पण कंपनीने तोवर पद्धत बदलली होती. कोणतं ॲप आहे हे न पाहता गर्दीच्या वेळी जास्त वापरणाऱ्याचा वेग तात्पुरता कमी करणं तिने स्वीकारलं. वापराचा प्रकार पाहून केलेली अडवणूक आणि सर्वांना सारखा लागू होणारा नियम, यांतला हा फरक आपल्याकडेही मान्य आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी आणि जुलै २०१८ मध्ये त्यांना मिळालेली सरकारी मान्यता वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला जागा देतात, मात्र ते प्रमाणात, तात्पुरतं आणि उघड असलं पाहिजे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की डेटाची मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट कळवा आणि ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नका. जोडण्यांची किंवा पोर्टची मर्यादाही त्याच रांगेत बसायला हवी. ग्राहकाला वेग सांगितला, डेटा सांगितला आणि ज्यामुळे पान उघडतच नाही तो आकडा दडवला, तर ती माहिती अर्धवट राहते.

पीजीच्या मालकाला सेवादाराचे नियम लागू होत नाहीत, हे खरं. बंगळुरू महापालिकेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये पीजींसाठी नियमावली काढली, माणशी ७० चौरस फूट जागा आणि दिवसाला १३५ लिटर पाणी ठरवलं. इंटरनेटची वाटणी मात्र मालकाच्या मर्जीवर राहते. तरीही केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन खटल्यात जे म्हटलं ते इथे विसरू नये. वसतिगृहात संध्याकाळी फोन वापरण्यावरच्या बंदीला एका विद्यार्थिनीने आव्हान दिलं होतं आणि न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानली. ते प्रकरण कॉलेजच्या वसतिगृहाचं होतं, पीजीचं नाही. पण एका छताखाली राहणाऱ्यांच्या नेटवर बंधन घालताना कारण द्यावं लागतं, एवढा बोध मालकाने त्यातून घ्यायला हरकत नाही.

तर माझा कौल असा. जोडण्यांवर मर्यादा असावी, पण संरक्षण म्हणून, वाटणीचं साधन म्हणून नव्हे. आकडा इतका सैल असावा की रोजच्या कामात कोणी त्याला शिवणार नाही आणि फक्त बेभान सुटलेलं यंत्र अडेल. वर धरलेल्या तक्त्यात उपकरणामागे शंभर हा आकडा मला घट्ट वाटतो. सगळी उपकरणं एकाच वेळी मर्यादा गाठत नाहीत, त्यामुळे तीनशे-चारशे ठेवले तरी तक्ता सहसा तग धरेल. नियम सगळ्यांना एकच हवा. मालकाच्या मुलाच्या फोनला सूट आणि भाडेकरूला बंधन, असं नको. निष्क्रिय नोंदींची मुदत कमी करणं आणि आयपीव्ही६ चालू करणं ही दोन कामं मर्यादा घालण्याच्या आधी व्हावीत. आणि चाळीस माणसं ठेवून महिन्याला त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्याने घरगुती राउटरऐवजी मोठ्या स्मृतीचा राउटर व व्यावसायिक जोडणी घ्यावी. हा खर्च त्या धंद्याचाच भाग आहे.

पीजीत राहणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी नेट अडलं की 'स्लो आहे' एवढंच सांगून थांबू नका. तक्ता किती नोंदींचा, उपकरणामागे मर्यादा किती, आयपीव्ही६ चालू आहे का, हे तीन प्रश्न मालकाला आणि केबलवाल्याला विचारा, आणि त्यांची उत्तरं जेवणाच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीवर लावायला सांगा.