ग्रुप कोणत्या ॲपवर काढायचा?

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस जवळ आले की नवे ग्रुप निघतात. यंदाही वेगवेगळ्या शहरांतल्या तरुण साथींनी मला विचारले, अभ्यासवर्गाचा आणि मदतकेंद्राचा ग्रुप व्हॉट्सॲपवर काढू, टेलिग्रामवर की सिग्नलवर? ऑनलाइन बैठक झूमवर घेऊ की मीटवर? बहुतेक ठिकाणी हा निर्णय ज्याच्याकडे चांगला फोन आहे आणि ज्याला यातले थोडे कळते तो मुलगा पाच मिनिटांत घेऊन टाकतो. माझा आक्षेप त्यालाच आहे. ग्रुपमध्ये कोण येणार, कोण गप्प बसणार आणि कोण आठवड्याभरात मुकाट्याने बाहेर पडणार, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरून जाते.

व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. मुलांना त्याचे काही वाटत नाही. पण दोनशे अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला रात्री साडेअकराला ‘हाय’ येतो, दुसऱ्या दिवशी फोटोवर शेरा येतो, तिसऱ्या दिवशी घरात कळते आणि चौथ्या दिवशी ‘लेफ्ट’ अशी ओळ उमटते. कारण कुणी विचारत नाही. 2021 च्या जुलैत आणि 2022 च्या 1 जानेवारीला मुस्लिम महिलांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणाऱ्या दोन ॲप्सचे प्रकरण आपल्या घराघरांत बोलले गेले. ते फोटो कुठल्या ग्रुपमधून गेले नव्हते, हे खरे. पण त्यानंतर कितीतरी घरांत अम्मी-अब्बूंनी पहिली गोष्ट सांगितली ती ‘अकाउंट बंद कर’. त्या मुलीने आपल्या ग्रुपमध्ये यावे असे वाटत असेल, तर नंबर लपतो का, हा प्रश्न पहिला विचारायला हवा. किती जण मावतात आणि स्टिकर कसे आहेत, हे नंतर.

या कसोटीवर आज मला सिग्नल बरे वाटते. नोंदणीला मोबाइल नंबर तिथेही लागतो, पण 2024 पासून तो इतरांना आपोआप दिसत नाही आणि यूजरनेम ठेवून संपर्क साधता येतो. एक सेटिंग मात्र हाताने बदलावे लागते. प्रायव्हसीत जाऊन ‘माझ्या नंबरवरून मला कोण शोधू शकेल’ याला ‘कुणीही नाही’ असे करा. सिग्नल चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, जाहिराती दाखवत नाही. टेलिग्रामबद्दल आपल्या मुलांमध्ये एक पक्का गैरसमज आहे की ते सर्वांत गुप्त. तिथल्या ग्रुपमधला मजकूर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतो. तशी सोय फक्त दोघांमधल्या ‘सिक्रेट चॅट’मध्ये आहे आणि तीही मुद्दाम सुरू करावी लागते. दोन लाखांपर्यंत सभासद मावतात, म्हणून भाषणांचे ध्वनिमुद्रण आणि पीडीएफ वाटायला टेलिग्राम उत्तम. कुणाच्या घरचा प्रश्न बोलायला नाही.

पण सगळे लोक व्हॉट्सॲपवर आहेत, हे नाकारून कसे चालेल? सोलापुरातल्या विडी कामगार आईला मी नवे ॲप घ्यायला सांगणार नाही. कुलूपबंदीचे म्हणाल तर व्हॉट्सॲपवरही 2016 पासून सिग्नलचेच तंत्र आहे. म्हणून मी दोन मजले सुचवतो. सूचना व्हॉट्सॲपवर, ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ असे करून. शक्यतो कम्युनिटीचा सूचना-ग्रुप वापरा, कारण तिथे सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चर्चा, अभ्यासवर्ग आणि मदतीचे बोलणे सिग्नलवर, लहान ग्रुपमध्ये. दोन ॲप म्हणजे दुप्पट कटकट, अशी तक्रार येईल. येऊ द्या.

कुठलेही ॲप घेतले तरी खरी मेहनत मांडणीची आहे. नवा सभासद ॲडमिनच्या मंजुरीनेच आत यावा. निमंत्रणाची लिंक पोस्टरवर छापू नका. 2020 मध्ये व्हॉट्सॲपच्या अनेक ग्रुपांच्या लिंक गूगलच्या शोधात सापडू लागल्या होत्या. लिंक फार फिरली असे वाटले तर ‘रीसेट’ करा, जुनी बंद पडते. प्रत्येकाने टू-स्टेप पिन लावावा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून आपले व्हॉट्सॲप भावाच्या लॅपटॉपवर किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर उघडे राहिले नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. आणि बॅकअप! चॅट कुलूपबंद असले तरी गूगल ड्राइव्हवर जाणारी प्रत तशी नसते. ते कुलूप 2021 पासून मिळते, पण आपण सुरू केले तरच. घरात फोन एकच असेल तर संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत लावलेली बरी. फोनच कुणी हातात घेतला, तर जगातले कुठलेही ॲप काही करू शकत नाही.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. आधार कार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला ग्रुपमध्ये टाकायचा नाही. दर हंगामात हेच होते. ‘सर, फॉर्म भरायचा आहे’ म्हणत मुले शेकडो लोकांसमोर आधारचा फोटो ठेवतात आणि तो सगळ्यांच्या गॅलरीत आपोआप उतरतो. कागदपत्रे एका नेमलेल्या स्वयंसेवकालाच, खासगीत पाठवायची. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्यावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. अर्ज भरून झाला की स्वयंसेवकाने फोटो पुसून तसे कळवायचे.

आता बैठकीचे. आपल्या कोकणातल्या घरांचा एक पाय आखातात असतो. रत्नागिरीची बैठक असेल तर दुबईतला मोठा भाऊ किंवा रियाधमधले मामू यांनाही यायचे असते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे लेखी निरोप जातात, पण कॉलवर निर्बंध आहेत. त्यामुळे ‘व्हॉट्सॲप कॉलवरच घेऊ’ म्हटले की दुबईवाले आपोआप गळतात. झूम किंवा मीट तिथे चालते. मोफत झूमवर बैठक 40 मिनिटांनी तुटते, मीटवर तिघांहून जास्त जण असले की तासाने. मला झूमची मर्यादा आवडते, कारण आपल्या वक्त्यांना दुसरे काही थांबवत नाही. आपल्याकडे रात्री नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात आणि रियाधमध्ये साडेसहा झालेले असतात. कामावरून सुटून मगरिबच्या आसपास घरी पोहोचणाऱ्या माणसाचा विचार करून वेळ ठेवा.

जित्सी मीट हाही चांगला पर्याय. फुकट, खुल्या सोर्सचे, पाहुण्याला खाते लागत नाही, लिंक ब्राउझरमध्येच उघडते. मात्र 2023 पासून त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर बैठक सुरू करणाऱ्याला लॉगिन करावे लागते. इंजिनिअरिंगची मुले म्हणतात, सर, आपला स्वतःचा सर्व्हर उभारू. उबंटूवर एका दुपारी तो उभा राहतो, खोटे नाही. पण दर महिन्याचे भाडे कोण भरणार आणि परीक्षेच्या काळात अपडेट कोण करणार? दोन माणसे वर्षभराची जबाबदारी घ्यायला तयार असतील तरच त्या वाटेला जा. एलिमेंटचेही नाव येते. तंत्र म्हणून ते सुंदर आहे. पण 2023 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवादी वापरतात असे कारण देऊन 14 मेसेजिंग ॲप बंद केली, त्यात एलिमेंट होते. ज्या ॲपमुळे काम मध्येच अडेल ते आपण घेऊ नये, इतकेच माझे म्हणणे.

‘लपवायचे काय आहे तुम्हाला?’ हा प्रश्न बाहेरून येतो, कधी घरातूनही. डॉक्टरकडे गेलेली बाई दार लावूनच बोलते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क म्हटले, तो आपल्यालाही लागू आहे. एखादी मुलगी अभ्यासवर्गात खुलाबद्दल, वारशातल्या वाट्याबद्दल विचारते, तेव्हा बहुधा ती स्वतःबद्दलच विचारत असते. त्या क्षणाचा स्क्रीनशॉट मोहल्ल्यात फिरला, तर ती पुन्हा कधी बोलणार नाही आणि तिच्या मैत्रिणीही नाहीत. म्हणून प्रश्नोत्तरांचे रेकॉर्डिंग करायचे नाही, आणि करायचेच असेल तर सुरुवातीला विचारून. नाव पूर्ण न लिहिता पहिलेच लिहिले तरी चालेल. कॅमेरा सुरू ठेवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपलेच काही पुरोगामी भाईजान कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलीला मागासलेली समजतात. तिच्याकडे रोजचा दीड जीबीच डेटा असेल, मागे झोपलेली दादी असेल, किंवा तिला नुसते दिसायचे नसेल. खुलासा मागण्याचा अधिकार कुणालाच नाही.

राहिला ॲडमिन. पोलिसांच्या भीतीने हल्ली कुणी ॲडमिन व्हायला तयार नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले आहे की, दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तरीही घाणेरडी किंवा भडकाऊ पोस्ट दिसताच पुसायची, टाकणाऱ्याला काढायचे, आणि हे नियम पहिल्याच दिवशी ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवायचे. ॲडमिन किमान तीन असावेत आणि त्यात एक तरी आपा हवी, जिला मुली रात्रीही निर्धास्तपणे सांगू शकतील की अमुक नंबरवरून त्रास होतोय. एकाचा फोन हरवला तर ग्रुप बाकी दोघांच्या हातात राहतो. तिघांची नावे याच आठवड्याच्या बैठकीत ठरवा, ॲप त्यानंतर डाउनलोड करा.