पायाला मुंग्या येतात, हा बहाणा नव्हे



पीटीच्या तासाला मैदानाच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या, की एखादं मूल रांगेतून बाहेर येतं आणि म्हणतं, "सर, पायाला मुंग्या आल्यात." त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. "नाटकं नकोत, पळ!" माझ्या मते हे उत्तर बदलायला हवं. पोट दुखतंय म्हणणाऱ्यांत काही जण बहाणेबाज असतीलही, पण मुंग्यांचा बहाणा सहसा कुणाला सुचत नाही. मूल तसं म्हणतंय तर त्याला थांबवा, बसवा आणि आधी बुटाकडे बघा.

पळताना, दोरीवरच्या उड्या मारताना किंवा व्यायामाची सायकल चालवताना पाऊल बधीर होण्याचं सर्वांत साधं कारण बूटच असतो. व्यायाम करताना पाऊल थोडं फुगतं. सकाळी घरून निघताना बरोबर बसलेला बूट अर्ध्या तासाने आवळायला लागतो. त्यात नाडी करकचून बांधलेली असते, कारण सुटली तर सर ओरडतील! पावलाच्या वरच्या बाजूला कातडीखालीच मज्जातंतू असतात. नाडीचा दाब नेमका त्यांच्यावर येतो. आपण घरी "रक्त थांबलं" म्हणतो, पण बहुतेक वेळा दाबला गेलेला असतो तो मज्जातंतू. नाडी सैल करून बोटं हलवली आणि चार-पाच मिनिटांत मुंग्या गेल्या, तर दोष बुटाचा किंवा बांधण्याचा असणार. मग नाडी ओवताना जिथे दाब येतो तिथली एक जोडी भोकं सोडून द्यावी. दाब तेवढ्याने हलका होतो.

आता जरा शाळांविषयी. अनेक शाळांत पीटीलाही तेच काळे, कडक बूट चालवून घेतात. फरशीवर, सिमेंटच्या अंगणात मुलं त्यातच धावतात. गणवेश नीट दिसतो हे खरं, पण तो बूट धावण्यासाठी केलेलाच नाही. ज्यांना दुसरा जोड परवडत नाही, त्यांच्यावर खर्च लादू नये हेही तितकंच खरं. मग निदान तक्रार करणाऱ्या मुलाला सैल नाडीने चालू तरी द्या. आणखी एक गोष्ट म्हणजे परिपाठाला वीस मिनिटं मांडी घालून बसलेल्या मुलांना उठल्या उठल्या पळायला सांगू नये. झोपलेल्या पायावर पळणारं मूल घोटा मुरगळून घेतं. दोन मिनिटं जागच्या जागी पाय हलवू द्यायला काहीच लागत नाही.

पालकांनी बूट घेताना मूल सोबत न्यावं आणि शक्यतो संध्याकाळी न्यावं, कारण दिवसभरात पाऊल थोडं मोठं झालेलं असतं. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून दोन नंबर मोठा घेतला, की पाऊल आत सरकतं आणि ते सरकू नये म्हणून मूल नाडी आणखी आवळतं. म्हणजे फिरून तिथेच! वर्गात याचा छान मापनाचा पाठही होतो. वर्तमानपत्रावर पाऊल ठेवून कडा आखायची, कापायची आणि तो कागद बुटात घालून बघायचा. कागद दुमडला तर बूट लहान. मुलांना हे फार आवडतं, आणि घरी जाऊन ती आईबाबांचीही पावलं मोजतात.

मोठ्यांचं थोडं वेगळं आहे. जिममधल्या सायकलवर पाय बधीर होतो, कारण सगळा भार चवड्यावर येतो आणि बोटं पॅडलला धरल्यासारखी आखडतात. पाऊल थोडं पुढे सरकवून पॅडल चवड्याच्या किंचित मागे घ्या आणि मधूनमधून बोटं मोकळी करा. इथवर घाबरण्यासारखं काही नाही.

पण चाळिशी उलटलेल्या आपल्या सहकाऱ्यांना मला वेगळं सांगायचंय. शुगर निघाली, की आपण चालायला सुरुवात करतो. चांगलंच आहे. मात्र मधुमेहात पावलांचे मज्जातंतू हळूहळू दुबळे होऊ शकतात, आणि मग मुंग्या बुटामुळे आल्या की आजारामुळे, हे चालणाऱ्याला कळत नाही. अशा पावलाला फोड आला, खडा टोचला तरी समजत नाही. म्हणून "हिरवळीवर अनवाणी चाला" हा सर्रास दिला जाणारा सल्ला पाय बधीर असणाऱ्या मधुमेहींनी अजिबात ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. रोज रात्री तळवे बघा, दिसत नसतील तर आरसा धरा. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी हातापायांना मुंग्या येतात. शाकाहारी मंडळींत ही कमतरता बरीच आढळते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही ते घटू शकतं. साध्या रक्ततपासणीत ते समजतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं? बूट काढूनही बधिरपणा राहिला, एकाच पायाला वारंवार व्हायला लागलं, पाऊल उचलताना फरफटायला लागलं, किंवा चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर बरं वाटू लागलं, तर जा. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर हे शेवटचं लक्षण विशेष गंभीर धरा, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. स्पर्धेसाठी सराव करणाऱ्या मुलाची नडगी दर वेळी ठरावीक अंतरानंतर ताठरून दुखते, पाऊल बधीर होतं आणि थांबल्यावर बरं वाटतं, असं असेल तर "सरावाने जाईल" म्हणून पळवत ठेवू नका. आणि बधिरपणासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा जांघेजवळचा भाग बधीर होऊन लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.