राखेचा बुधवार आणि रेसिड्युअल स्ट्रेस

"कपाळाला काय लावलंयस रे? अंगारा का?"

तारीख 5 मार्च 2025. सकाळची मिस्सा आटोपून मी थेट वर्कशॉपला पळत आलो होतो. वर्कशॉपच्या मामांनी विचारलं आणि मी "हो मामा, तसंच काहीतरी" म्हणून वेल्डिंगचा स्क्रीन तोंडासमोर धरला. मित्रांनो, त्या दिवशी 'तसंच काहीतरी' म्हणून सुटलो. खरं उत्तर द्यायचं राहिलं, ते आज देतो.

मी वसईचा. आमच्याकडे मिस्सा मराठीतूनच होते. त्या दिवशी होता राखेचा बुधवार. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि फादर ती कपाळाला लावतात. आपण मातीचे आणि मातीतच जाणार, एवढंच त्यातून सांगायचं असतं. तिथून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ. मोजलेत तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात, पण मधले रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून 40. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण.

नियम म्हणाल तर फार कडक नाहीत. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकदाच पोटभर जेवायचं आणि शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य. मासे चालतात! आता वसईच्या माणसाला शुक्रवारी मासे खा म्हणणं ही काय शिक्षा झाली? म्हणजे खरी गोष्ट ताटात नाहीच. ती कुठे आहे, हे कळायला मला तेवीस-चोवीस दिवस आणि एक केटी लागली.

हो, केटी. एम-थ्रीची. रिझल्ट फेब्रुवारीत लागला होता आणि घरी मी "सगळं क्लीअर" असं ठोकून दिलं होतं. रोज रात्री मम्मीचा फोन. "अभ्यास बरा चाललाय ना?" "हो गं." फोन ठेवला की पोटात खड्डा. त्यात सबमिशन, डिफॉल्टर लिस्ट, वरच्या वर्गातल्यांच्या प्लेसमेंटच्या गप्पा, कोणाला किती पॅकेज... आपल्या सगळ्यांच्या ओळखीचंच आहे हे.

मग मी ठरवलं, या उपवासकाळात स्वतःला सुधारायचंच. चहा बंद, रील्स बंद, पाचला उठणं. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवला आणि रोज टिक करायला लागलो. आठव्या दिवशी जर्नल छापता छापता रात्री दोनला टपरीवर कटिंग मारला आणि दुसरा दिवस अख्खा स्वतःला शिव्या देण्यात गेला. रूमवर सगळ्यांवर खेकसत होतो ते वेगळंच.

माझा रूममेट परभणीचा. त्या वर्षी रमजान 2 मार्चलाच सुरू झाला होता, त्यामुळे एका खोलीत त्याचे रोजे आणि माझा उपवासकाळ सोबतच चालले होते. एकदा सहरीला उठला, माझा तक्ता बघितला आणि म्हणाला, "तू उपास करतोयस का सबमिशन?" मी गप्प. मग खजूर पुढे करत म्हणाला, "आमच्यात म्हणतात, रोजा ठेवून खोटं बोलत राहिलं तर माणूस नुसता उपाशी राहतो." त्याला माझ्या केटीची गोष्ट माहीत होती. खजूर घशात अडकला.

आता जरा आपल्या सिलॅबसमधलं. वेल्डिंग केल्यावर जॉब थंड होतो, वरून ठणठणीत दिसतो, बाहेरून काही लोड नसतो. तरी आत ताण अडकून राहतो, कारण एक भाग आधी तापला-निवला आणि बाजूचा मागे राहिला. हाच रेसिड्युअल स्ट्रेस. तो काढायला पोलाद साधारण 600 अंश सेल्सिअसला तापवतात, तिथे धरून ठेवतात आणि मग भट्टीतच हळूहळू निवू देतात. घाई केली तर नवा ताण तयार होतो. जॉबचा आकार बदलत नाही, पुढे लोडही घ्यायचाच असतो. फक्त आतलं अडकलेलं सुटतं.

माझं म्हणणं एवढंच, की उपवासकाळ हे काम करतो. तो बाहेरचा लोड कमी करत नाही. चाळीस दिवस प्रार्थना केली म्हणून एम-थ्री सुटत नाही आणि सबमिशनची तारीख पुढे जात नाही. पण आपल्याला दमवतो तो सगळा काही बाहेरचा लोड नसतो. तुलना, भीती, लपवाछपवी हे आत साठलेलं असतं. सुटीत घरी गेलो तरी ते बॅगेतून सोबत येतं. त्यातून मोकळं होणं म्हणजेच मोकळं होणं.

म्हणूनच आमच्याकडे उपवास एकटा सांगितलेला नाही. प्रार्थना, उपवास आणि दान, तिन्ही एकत्र. आणि तिन्ही गुपचूप करायचे, तोंड धुऊन, लोकांना दिसणार नाही असे. आता कळतं का. दाखवायला केलं की त्याचंही पॅकेज होतं! यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात तर उपवासाचा अर्थच दुसऱ्याच्या मानेवरचं जू काढणं असा येतो. मी तक्ता फाडला. चहाचे दहा रुपये वाचवण्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या एका पोराबरोबर रोज तासभर ड्रॉइंग शीट घेऊन बसायला लागलो. त्या तासात माझी केटी मला आठवायची नाही.

गुड फ्रायडे 18 एप्रिलला होता. घरी गेलो. क्रुसाची वाट झाल्यावर पप्पांच्या मागे स्कूटरवर बसून परतताना सांगून टाकलं. घर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. गेटपाशी गाडी लावून म्हणाले, "फॉर्म कधी भरायचाय?" बस्स. केटी नंतर निघाली, पण झोप त्याच रात्रीपासून लागायला लागली.

हे फक्त आमच्याच धर्मात आहे असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या मेसमध्येच एकादशी आहे, श्रावण आहे, रोजे आहेत, पर्युषण आहे. माझी विनंती एवढीच, की त्या दिवसांचं आणखी एक टार्गेट करू नका. काय सोडलं यापेक्षा काय सुटलं ते बघा. आणि आतला ताण फारच वाढला असेल तर उपवासावर भागवू नका. मित्राला, सरांना, डॉक्टरांना सांगा.

सर-मॅडम, तुम्हालाही एक विनंती. डिफॉल्टर लिस्ट लावाच, पण त्यातल्या एखाद्याला केबिनमध्ये बोलावून "घरी सांगितलंस का?" एवढं विचारा. काहींना सुरुवात करून द्यावी लागते.

आणि मामा, तो अंगाराच होता. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत.

— एक वसईकर, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी