मलाक्काची कोंडी आणि आपली जहाजे

गलवानच्या चकमकीपासून एक युक्तिवाद सतत कानावर येतो. चीनने लडाखात पुन्हा आगळीक केली, तर आपण अंदमान-निकोबारमधून मलाक्काच्या सामुद्रधुनीची वाट रोखू. चीनकडे जाणारे तेल अडले की बीजिंग वठणीवर येईल. असे म्हणणाऱ्यांच्या देशप्रेमाविषयी मला शंका नाही, पण हा भरवसा फसवा आहे आणि त्यापायी खरे काम मागे पडते आहे.

या भरवशाला आधार नाही असे नाही. ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटपासून सुमात्रा फार लांब नाही. २०१२ पासून कॅम्पबेल बे इथे ‘आयएनएस बाझ’ हा आपला नाविक हवाई तळ आहे. मलाक्कावर विसंबून राहण्याची चिंता चीनच्या नेतृत्वालाही हू जिंताव यांच्या काळापासून आहे.

पण नजर ठेवणे वेगळे आणि वाट अडवणे वेगळे. सामुद्रधुनीचे काठ इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरचे आहेत. आपण फक्त तिच्या तोंडाशी उभे आहोत. समजा, सौदीचे तेल घेऊन एक टँकर आला. झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीक, विमा लंडनचा, खलाशांत दोन-चार आपलेच. माल वाटेतच दुसऱ्याला विकला गेलेला असू शकतो. आपल्या नौदलाचा अधिकारी कोणत्या कागदावरून ठरवणार की हे तेल चीनचेच? मागून येणारी जहाजे जपान-कोरियाची, म्हणजे मित्रांची. शिवाय अडवलेल्याला सुंदा किंवा लोंबोक सामुद्रधुनीची वाट आहे. वेळ आणि भाडे वाढेल, एवढेच. म्यानमारच्या क्याउकफ्यूहून चीनच्या युनान प्रांताला जाणारी तेलवाहिनीही २०१७ पासून चालू आहे. चीनची संपूर्ण गरज ती भागवत नाही, पण चीन हातावर हात धरून बसलेला नाही, हे तिच्यावरून कळते. त्याच वर्षी त्याने जिबुतीत, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, नाविक तळ उघडला. वाटा अडवण्याचा खेळ सुरू झाला तर आपलाही माल त्याच्या टप्प्यात येतो.

मग बळ कशात आहे? वाटा खुल्या ठेवण्यात. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सोमाली चाच्यांनी पळवलेले ‘रुएन’ हे जहाज गाठले. नौदलाचे कमांडो विमानातून समुद्रात उतरले, सतरा खलाशी सुखरूप सुटले आणि पस्तीस चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. हे घडले भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर. जहाज माल्टाच्या झेंड्याखालचे होते. या एका कारवाईने हिंदी महासागरात भारताची जी पत वाढली, ती मलाक्काच्या शंभर इशाऱ्यांनी वाढणार नाही.

पण युद्धनौका एकट्या पुरत नाहीत, आपली व्यापारी जहाजेही हवीत. उद्योगपती वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी काढून ‘लॉयल्टी’ ही बोट लंडनला धाडली, ब्रिटिश कंपन्यांचे दरयुद्ध सोसले, पुढे विशाखापट्टणमला गोदी उभारली. आपला माल आपल्या जहाजातून जावा, हा त्यांचा हट्ट होता. आज आपला नव्वद टक्क्यांहून अधिक परदेशी व्यापार परक्या जहाजांतून चालतो. जगातली निम्म्याहून अधिक जहाजबांधणी चीनच्या गोद्यांत होते, आपला वाटा एक टक्काही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणी आणि नौवहनासाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली, हे योग्यच झाले. पण तो पैसा क्रेन, पोलाद, इंजिने आणि वेल्डर घडवण्यात उतरला पाहिजे, आणि दरवर्षी किती जहाजे पाण्यात उतरली याचा जाब संसदेत विचारला गेला पाहिजे.

व्यापारी जहाजांचा सुरक्षेशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांना विचारावे. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी जहाजांवर केलेल्या हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारे कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेले. प्रवास लांबला, भाडे चढले, नाशवंत मालाचा जीव टांगणीला लागला. एडनच्या आखातात आपल्या युद्धनौका गस्तीला होत्या. तरी ते कंटेनर कोणत्या वाटेने न्यायचे, हे ठरत होते कोपनहेगन आणि जिनिव्हातल्या जहाज कंपन्यांच्या मुख्यालयांत.