संज्ञापन कोणाशी?

छोट्या विद्यापीठांतील पत्रकारिता विभागांविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हे विभाग बंद करावेत. वृत्तपत्रे आणि वाहिन्या मुंबई-पुण्याला, तेव्हा शिक्षणही तिथेच व्हावे. दुसरे मत विभागवाल्यांचे: आम्हांला स्टुडिओ द्या, कॅमेरे द्या, म्हणजे आम्हीही मुंबई-पुण्याच्या बरोबरीने उभे राहू. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. परंतु लहान गावी असणे ही उणीव आहे, हे दोन्ही पक्षांना सारखेच मान्य आहे. माझा आक्षेप या समजुतीलाच आहे.

आधी अभ्यासक्रमाकडे पाहू. हॅरॉल्ड लासवेल याने १९४८ साली मांडलेले सूत्र विद्यार्थी पहिल्याच सत्रात पाठ करतात: कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कोणाशी आणि परिणाम काय होतो? प्रश्न उत्तम आहेत. पण ते आपल्याच जिल्ह्याच्या पुरवणीला विचारून पाहावेत, असे कोणी सांगत नाही. ही बातमी कोणी पुरवली? तिच्या शेजारची जाहिरात कोणाची? वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा कोणाच्या पैशाने छापल्या? २००९च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण महाराष्ट्रात गाजले आणि पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेला त्याची दखल घ्यावी लागली. लासवेलचे पाचही प्रश्न तिथे जिवंत उभे होते. आपण मात्र ते पाच गुणांच्या टीपेसाठी राखून ठेवले.

उदाहरणादाखल सोलापूर घेऊ. तिथले विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. तोवर हा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरते, म्हणून ते लहान. पण त्या एका जिल्ह्यात काय नाही? शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा नांदतात. यंत्रमाग आहेत, घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत, उजनीच्या पाण्याचे भांडण आहे, पंढरपूरची वारी आहे, साखर कारखाने आहेत. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेला अडथळा म्हणून पाडण्यात आली. त्या एका चिमणीभोवती सहकार, ऊसउत्पादक, महापालिका, न्यायालय आणि शहराची विमानाची आस हे सारे गुंतलेले होते. हे प्रकरण मुळापासून उलगडून सर्व बाजूंनी मांडणे हा एका सत्राचा अभ्यास होऊ शकतो. शिवाय त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. पाय लागतात, कागदपत्रे वाचण्याची चिकाटी लागते आणि किमान दोन भाषा कानांत असाव्या लागतात. परंपराही शोधायला दूर जायला नको. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते.

लहान गावी हा विषय नीट शिकवता येईल का, या शंकेला इतिहासाने केव्हाच उत्तर दिले आहे. अमेरिकेतील पत्रकारितेचे पहिले विद्यापीठीय विद्यालय १९०८ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया या तेव्हाच्या लहानशा गावात निघाले. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेले वृत्तपत्रही सुरू झाले. आणि ते गावाचे वृत्तपत्र होते, विभागाच्या कपाटात ठेवायचे प्रात्यक्षिक नव्हते. आपल्याकडेही मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेला ‘दीनमित्र’ नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशके चालवला. खेड्यात राहून त्यांनी खेड्याविषयी लिहिले, खेड्यासाठी लिहिले. आजच्या एखाद्या विभागाला तेवढेही का साधू नये?

इथे साहित्याच्या प्राध्यापकांनाही बाजूला उभे राहता येणार नाही. पत्रकारितेला आपण ‘उपयोजित मराठी’च्या एका प्रश्नपत्रिकेत कोंबले. न पाहिलेल्या कार्यक्रमाची बातमी वर्गात बसून लिहायची आणि तिला गुण द्यायचे, असा हा प्रकार आहे. मराठी गद्य घडले त्यात ‘दर्पण’, ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘मूकनायक’ यांचा वाटा काय, हे आपणच शिकवतो. मग वाङ्मयेतिहासात ज्या लेखनाला आपण आदराने स्थान देतो, तेच लेखन आज शिकवताना त्याचा अर्जलेखनाच्या पंक्तीला बसणारा सराव का होतो? न पाहता लिहिण्याची सवय लावणारा अभ्यासक्रम भाषाही बिघडवतो. ‘मान्यवरांच्या उपस्थितीत उत्साहात संपन्न’ हे वाक्य वृत्तपत्रांनी एकट्याने घडवलेले नाही. त्याला आपण उत्तीर्ण केलेले आहे.

यावर नोकरीचा मुद्दा निघेल आणि तो खरा आहे. या विभागांत येणारी बरीच मुले पदवीनंतर तालुक्याचे वार्ताहर होतात. तुटपुंजे मानधन मिळते आणि बातमीबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात. पण म्हणूनच त्यांना जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचता यायला हवा, २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता यायला हवा, जाहिरात आणि बातमी यांतली रेघ कुठे पुसली जाते ते ओळखता यायला हवे. महानगरी स्टुडिओची दुय्यम नक्कल शिकलेला विद्यार्थी महानगरात मागे पडतो आणि स्वतःच्या तालुक्यातही परका राहतो. दोन्हीकडून त्याचेच नुकसान होते.

खरी अडचण निधीची नाहीच. विद्यार्थ्यांनी गावाची खरी बातमी लिहायची ठरवले, तर पहिली बातमी बहुधा विद्यापीठाच्याच आवारात सापडेल: रिक्त जागा, रखडलेले निकाल, वसतिगृहातले पाणी. विभागाचे नियतकालिक भित्तिपत्रक होऊन राहते ते या भीतीमुळे. लहान ठिकाणी सारे एकमेकांना ओळखतात, हे भीतीचे कारण म्हणून सांगितले जाते. मला ते शिक्षणाचे सामर्थ्य वाटते. ज्याच्याविषयी आज लिहिले तो उद्या चहाच्या टपरीवर समोर येणार आहे, हे माहीत असलेला विद्यार्थी नाव, आकडा आणि विशेषण तीनदा तपासतो. ही शिस्त कोणत्याही सिद्धान्ताच्या तासाला लागत नाही.

म्हणून विभागांकडे मागणी एकच करावी: वर्षातून एकदा तरी जिल्ह्यातल्या लोकांनी विकत घेऊन वाचावा, असा अंक काढून दाखवा. आणि कुलगुरूंकडेही एकच: तो छापण्यापूर्वी मागवू नका.